कोऱ्या पेशीची आत्या

बीजपेशी प्रयोगशाळेत डॉ. मृदुला गाडगीळ यांनी दुपट्यातल्या मुलीकडे पाहिलं, मग अहवालाकडे, मग पुन्हा मुलीकडे. मुलगी ठणठणीत होती. अहवालातही तेच लिहिलं होतं. तरी काहीतरी भलतंच झालं होतं.

"ऐन बारशाच्या सकाळी बोलावलंत?" शार्दूल काळसेकरनं विचारलं. सोबत बायको ऋजुता, त्याची बहीण वैजयंती आणि ऋजुताची बहीण मुग्धा.

"तुम्हा दोघांच्या त्वचेपासून आम्ही मूळपेशी केल्या. त्यांच्यापासून गर्भात असतात तशा बीजपेशी. त्या अवस्थेत जनुकांवरच्या वारसखुणा पुसल्या जातात."

"कसल्या खुणा?"

"आईकडून आलेल्या कुठल्या जनुकानं बोलायचं, वडिलांकडच्या कुठल्यानं गप्प बसायचं, ते ठरवणाऱ्या. पुसल्या की पेशी कोरी. मातृबशीत ठेवा, अंडपेशी होते. पितृबशीत ठेवा, शुक्रपेशी." डॉक्टर खोकल्या. "'ऋजुता शार्दूल काळसेकर' या चिठ्ठीवरचं पहिलं नाव स्पिरिटनं गेलं. यंत्राला वाटलं, हाच नवरा. बश्यांची अदलाबदल झाली. शार्दूल आई आहेत. ऋजुता वडील."

"अहो, नऊ महिने पोटात मी वाढवलीय!"

"हो. वडिलांनी."

शार्दूल मटकन बसला. मागे खुर्ची नव्हती.

"वडिलांची बहीण म्हणजे आत्या," मुग्धा म्हणाली. "नाव मी ठेवणार. वैजूमावशी, तुम्ही पाळणा हलवा."

"मावशी कुणाला म्हणतेस गं?" वैजयंतीचा आवाज चिरकला. "मला मूलबाळ नाही. भावाच्या लेकीच्या कानात नाव सांगायचं, एवढी एकच गोष्ट माझ्या वाट्याची होती. डॉक्टर, हे कुठं कोरलंय?"

"मुलीच्या पेशीपेशीत."

"एकूण एक?"

डॉक्टर खोटं बोलू शकत नव्हत्या. "अंडाशयातल्या सोडून. तिच्या बीजपेशींनी पोटात असतानाच खुणा पुसल्यात. नव्या खुणा ती मोठी होताना उमटतील."

"म्हणजे तिथं आई कोण, वडील कोण, काहीच ठरलेलं नाही?"

"नाही."

"मग आत्याही ठरलेली नाही."

डॉक्टरांनी या वाक्यात शास्त्रीय चूक शोधली. सापडली नाही.

"कान तू घे," वैजयंती मुग्धाला म्हणाली आणि तिनं दुपटं अलगद सोडलं. "डॉक्टर, अंडाशय कुठल्या बाजूला असतं?"

"दोन असतात. डावीकडे एक, उजवीकडे एक."

"मग दोनदा सांगते," म्हणत वैजयंती मुलीच्या पोटावर वाकली. "कुर्रर्र..."