गाडीला ठाऊक होतं

सोमवारी सकाळपासून चौथ्यांदा गाडी चाचणीच्या पट्ट्यावर थरथरली आणि शर्वाणी मगदूमने हातातला टॅब तेवढा आपटायचा बाकी ठेवला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तिची प्रयोगशाळा होती. जुन्या विद्युतवाहनांचे बाजारातून नाहीसे झालेले भाग शोधायचे आणि न सापडले तर बनवायचे, हा तिचा धंदा. ‘होणार नाही’ असं तिने आजवर एकाही गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं. त्या हट्टापायी दोन इंजिनिअर तिला सोडून गेले होते, तरी तिचा हट्ट काही गेला नव्हता.

गाडी म्हणजे एका धर्मादाय रुग्णालयाची फिरती डायलिसिस व्हॅन, २०४६ सालची. चंदगडच्या घाटापलीकडच्या वाड्यांतल्या अकरा जणांचं रक्त ती आठवड्यातून दोनदा शुद्ध करून द्यायची. स्वयंचलित गाड्या त्या घाटातल्या धुक्यात जागीच उभ्या राहत, म्हणून बावीस वर्षं ही व्हॅन निंगाप्पा गावडे चालवत होते. पंधरा दिवसांपूर्वी रुग्णालयाच्या आवारात उभी असताना गाडीचा सवय-नियंत्रक जळाला. तेव्हापासून त्या अकरा जणांना जीपमध्ये कोंबून तालुक्याला नेत होते. त्यातल्या अनसूयाआक्कांनी तर निरोपच धाडला होता, “गुरवारी गाडी आली न्हाई तर मी काय येत न्हाई. त्या जीपनं जायापरास घरात मेलेलं बरं.” आक्का बोलल्याप्रमाणे वागणाऱ्या होत्या. शर्वाणीने तो निरोप दोनदा ऐकला होता.

सवय-नियंत्रक म्हणजे तळहाताएवढा ॲल्युमिनियमचा डबा. तो बनवणारी कंपनी बंद पडून चौदा वर्षं झाली होती. शर्वाणीने भंगारवाल्यांचे अड्डे पालथे घातले, बेळगावपर्यंत जाऊन आली आणि अखेर ज्यांनी हा डबा मुळात घडवला त्या डॉ. कुमुद टेंबेंनाच पुण्यात गाठलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या टेंबेबाईंच्या माळ्यावर, गौरीच्या मुखवट्यांच्या खोक्याशेजारी, दोन कोरे डबे निघाले. त्यांनी ते लगेच पाठवून दिले.

आता दोन्ही डबे बसवून झाले होते. दोन्ही वेळा गाडी सुरू व्हायची, चालायची आणि चालता चालता पुढची चाकं थरथरायची. शर्वाणीने तारा बदलल्या, जोडण्या नव्याने केल्या, बेअरिंग तपासलं. थरथर होती तशीच राहिली.

“डबंच खराब असत्याली मॅडम,” निंगाप्पा चालकाच्या जागेवरून खाली उतरून म्हणाले. “माळ्यावर पडून पडून सडली.”

“दोन्ही सारखेच सडतील का, मामा?” असं म्हणून तिने टेंबेबाईंना पडद्यावर बोलावलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. “शर्वाणी, हा डबा काय करतो ते तुला नीट ठाऊक आहे ना?”

“गाडीचं म्हातारपण झाकतो.”

“बरोबर. या गाडीत स्टिअरिंग आणि चाकं यांच्यामध्ये लोखंडी दांडा नाही. हात वळतो, तारेतून संदेश जातो आणि डबा तो चाकांना पोचवतो. डावं बेअरिंग झिजलं की डबा प्रत्येक संदेशात थोडं उजवं मिसळतो. बॅटरी थकली की वीज बेताने ओढतो. सगळं इतकं हळू करतो, की बावीस वर्षांची गाडी चालवणाऱ्याला पहिल्या दिवसासारखीच लागते. नव्या डब्याला अजून यातलं काही ठाऊक नाही. म्हणून गाडी एका बाजूला ओढली तर मी समजू शकते. पण थरथर? सेकंदाला किती?”

“पाच.”

बाईंनी विचारलं, “चाकाकडे जाणारा संदेश पाहिलास. हाताकडून येणारा पाहिलास का?”

तो शर्वाणीने पाहिला नव्हता. पाहायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. बावीस वर्षांत ज्या माणसाने गाडीला ओरखडा पडू दिला नाही, त्याच्याकडे कोण बोट दाखवणार? चोर सोडून ती संन्याशाला सुळी देत बसली होती.

“एकदा तू चालवून बघ,” टेंबेबाई म्हणाल्या.

शर्वाणीने गाडी चालवली. पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी किंचित डावीकडे ओढत गेली, पण थरथरली नाही. पट्ट्याच्या कडेला निंगाप्पा उभे होते. थरथर कुणाची, हे त्यांना सांगायची गरज उरली नाही.

जळालेल्या डब्यातली स्मृती मात्र शाबूत होती. शर्वाणीने ती उघडली. सेकंदाला पाच वेळा येणारी थरथर झाकण्याची पहिली नोंद सहा वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधली होती. तेव्हा डबा आपल्या ताकदीतला जेमतेम एक टक्का त्यासाठी खर्च करत होता. शेवटच्या दिवशी तो आकडा अडतीसवर गेला होता.

“मर्यादा चाळीसची आहे,” टेंबेबाईंचा आवाज बदलला होता. “अजून तीन-चार महिने. मग एखाद्या वळणावर त्याने हात टेकले असते.”

निंगाप्पा स्टुलावर बसले. उजवा हात त्यांनी डाव्या हाताने धरून ठेवला होता.

“घरात चहा सांडायचा,” ते म्हणाले. “बायकू म्हणायची, डाक्टरला दावा. मी म्हणायचो, अगं, एवढ्या घाटात गाडी सुतासारखी सरळ चालतीया. हात बिघडला असता तर गाडीला कळलं नसतं व्हय? नाचता येईना अंगण वाकडं म्हणत्यात. माझं उलटंच झालं बगा. माझ्या पावलासंगं अंगणच वाकत गेलं आणि मला नाचता येतंय असं वाटलं.”

“गाडीला कळलं होतं,” टेंबेबाई म्हणाल्या. “पहिल्याच महिन्यात कळलं होतं. सांगायला मी तिला शिकवलं नव्हतं. बेअरिंग काय आणि माणूस काय, माझ्या डब्याला दोन्ही सारखेच. झिजेल ते झाकायचं. चालवणाऱ्याला काही जाणवू न देणं म्हणजेच उत्तम यंत्र, असं मी भाषणांतून सांगत आले. सहा वर्षांपूर्वी उपचार सुरू झाले असते, निंगाप्पा. कंपवात आहे की दुसरं काही, ते डॉक्टर सांगतील. पण ही सहा वर्षं माझ्यामुळे गेली. माझं चुकलं.”

निंगाप्पांना राग आला होता की नाही, ते शर्वाणीला कळलं नाही. तिला स्वतःला मात्र आला होता, आणि कुणावर काढावा ते समजत नव्हतं.

थोड्या वेळाने निंगाप्पांनी विचारलं, “जुन्या डब्यातलं नव्यात घालता येतंय का?”

“येतं. तासाभराचं काम आहे.”

“म्हंजे गुरवारी गाडी निघंल? आणि माझ्या हातात पयल्यावानी चालंल?”

“चालेल,” शर्वाणी म्हणाली. खरं सांगायचं तर तिचं बोट बटणावरच होतं. चार महिने म्हणजे पस्तीस फेऱ्या. तेवढ्यात दुसरा चालक सापडला असता आणि आक्का वाचल्या असत्या. तिने मनातल्या मनात सगळं जुळवूनही टाकलं होतं.

“मग गाडीचं तेवढं घाला,” निंगाप्पा म्हणाले. “माझं ऱ्हाऊ द्या.”

“मामा, अजून दोन टक्के शिल्लक आहेत...”

“दोन टक्क्यांवर अकरा मानसं बसवू व्हय? तुमचा डबा परत जळला तर? धुक्यात, उतारावर? न्हाई. आजपातूर मला म्हाईत नव्हतं, ते येगळं. आता म्हाईत हाय.”

“आणि गाडी कोण चालवणार?”

“तुमी. मगाशी बगितली की तुमची चाल. हात सरळ हाय. घाट मी शिकवतो. दोन दिस हायती.”

नाही म्हणायची सवय नसणं कधीकधी असं अंगाशी येतं.

गाडीची झीज आणि माणसाची झीज त्या स्मृतीत एकमेकांत मिसळलेली होती. ती वेगळी करायला टेंबेबाई मंगळवारी दुपारी स्वतः कोल्हापूरला आल्या, त्याही एसटीने. “माझ्या गाडीतही हाच डबा आहे,” त्यांनी कुणी न विचारताच सांगून टाकलं. “मी सरळ चालवते की तो, आता कोण सांगणार?” बुधवारी संध्याकाळी त्यांचं काम संपलं. नवा डबा गाडीचं दुखणं झाकणार होता. चालवणाऱ्याचं मात्र तो मोठ्याने बोलून दाखवणार होता. तोवर निंगाप्पांनी शर्वाणीला रिकाम्या गाडीने पाच वेळा घाट चढवला आणि उतरवला होता. चौथ्या वेळी ती रडली होती, आणि पाचव्या वेळी निंगाप्पांनी तिला एकदाही टोकलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी घाटात धुकं होतं. शर्वाणी स्टिअरिंगवर, निंगाप्पा शेजारी. तिसऱ्या वळणावर गाडी बोलली, “चालक ब्रेक उशिरा लावतो.”

“झालं सुरू!” शर्वाणी करवादली.

“ऐका तिचं,” निंगाप्पा म्हणाले. “मला एकदाबी बोलली न्हाई.”

पुढच्या वळणाला शर्वाणीने ब्रेक आधी लावला आणि गाडी गप्प राहिली.

वाडीच्या तोंडाशी अनसूयाआक्का पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. गाडीतून आधी शर्वाणी उतरली आणि तिच्यामागून निंगाप्पा. आक्का दोघांकडे बघत राहिल्या.

“का रं निंगाप्पा, आज गाडी दुसऱ्याच्या हातात?”

निंगाप्पांनी उजवा हात पुढे केला. तो हलत होता. त्यांनी तो लपवला नाही. “हात हलतोय आक्का. सोमवारी डाक्टरकडं जायचं हाय.”

“हलतोय ते मला दोन वरसं झाली ठावं हाय,” आक्का म्हणाल्या. “पाण्याचा तांब्या देताना दिसायचा की. समद्यास्नीच दिसायचा.”

“मग बोलला का न्हाई कुणी?”

“काय बोलायचं? गाडी झ्याक चालवत हुतास,” म्हणत आक्कांनी चढायला आधारासाठी त्यांचाच हात धरला. “आमी म्हटलं, गाडी सरळ जातीया तवर मानूसबी बराच असंल.”