दोन किलो जास्त

पहिली बशी ताईच्या डाव्या कानाजवळून गेली आणि भिंतीवर फुटली, दुसरी उजव्या कानाजवळून गेली, आणि तिसरी उचलल्यावर धाकट्याच्या लक्षात आलं की ही चांगल्या कपांच्या जोडीतली आहे. म्हणून ती जपून खाली ठेवून त्याने रसायनशास्त्राचं पुस्तक फेकलं. ते मात्र लागलं. एक डोळा असलेल्या माणसाला अंतराचा अंदाज येत नाही म्हणतात. पण पुस्तक जाड होतं, आणि ताई जागची हलली नव्हती.

"गुडघ्यांचा व्यायाम!" तो गरजला. "तीन महिने दर मंगळवारी, दर शुक्रवारी गुडघ्यांचा व्यायाम! आणि पिशवीत हे? लाज कशी वाटत नाही गं ताई तुला?"

"वाटते ना," ताई खांदा चोळत म्हणाली. "म्हणून तर गुडघे सांगितले."

"जिला सातचा पाढा येत नाही ती रसायनं शिकतेय! एक डोळा खाऊन पोट नाही भरलं? दुसराही हवाय?"

त्याने तिची वही दोन्ही हातांनी धरली आणि उभी फाडली... मग आडवी फाडली... त्या कागदांबरोबर ताईच्या अंतःकरणाच्याही चिंध्या होत होत्या, पण तिच्या तोंडून हुंदका फुटला नाही. मग त्याने तिला ढकललं, ती कपाटावर आदळली, कपाटावरचा डबा तिच्या डोक्यावर पडला. धाकट्याची बायको, म्हणजे वहिनी, दारात उभी राहून कागदाचे तुकडे कुठे कुठे पडताहेत ते नीट पाहून ठेवत होती.

एक गोष्ट मान्य करायला हवी. एवढ्या संतापातही तो तिला 'ताई' म्हणायचं विसरत नसे. ढकलताना ताई, पातेलं फेकताना ताई, जळो तुझं तोंड म्हणतानाही ताई. घरचे संस्कार फार चांगले होते.

घराच्या मागच्या खोलीत साबणाचा छोटासा कारखाना होता. बाप अचानक गेला तेव्हा ताई तेरा वर्षांची होती आणि धाकटा सहा. कोणीतरी शाळा सोडून कढई ढवळायला हवी होती. ताईचं गणित तसंही कच्चं. तिने शाळा सोडल्याने गणिताचं काही नुकसान होण्यासारखं नव्हतं. बाप कॉस्टिक सोड्याचं पाणी नेहमी लोखंडी पिंपात ठेवायचा, तीही तसंच ठेवू लागली. लोखंडीच का, हे सांगायच्या आधी बाप गेला होता, आणि विचारायचं तिला सुचलं नव्हतं. ती ढवळत राहिली, हातांची सालं जात राहिली, आणि धाकटा शिकत राहिला. हिशेबनिसाची परीक्षा तो पहिल्या वर्गात पास झाला. मधल्या काळात कोपऱ्यावरच्या घड्याळजीने ताईला मागणी घातली. "धाकट्याचं मार्गी लागू दे," ती म्हणाली. घड्याळजी थांबला. वेळ मोजायची साधनं त्याच्याकडे पुष्कळ होती.

आणि मग तो दिवस आला!

साबणाच्या एका घाण्याला, म्हणजे एका खेपेला, चार किलो कॉस्टिक लागायचं. त्या दिवशी दीड घाणा करायचा होता. चारच्या दीडपट सहा. ताईने चार आणि चार मिळून आठ किलो घातलं. ते पाणी धाकट्याने हौसेने आणलेल्या नव्या, चकचकीत, चापाच्या झाकणाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कॅनमध्ये भरलं. पिंप गंजतं, हा गंजत नाही, असं तो सगळ्यांना सांगत होता. झाकण लावलं. तो वाकून कॅनवर तारखेची चिठ्ठी चिकटवत होता, तेवढ्यात कॅन फुटला.

त्याची किंकाळी तीन घरं ओलांडून गेली. डावा डोळा कायमचा गेला, गालाची कातडी वितळल्यासारखी झाली. दवाखान्यातून आल्यावर त्याने पट्टी बांधलेल्या तोंडानेच कारखान्याची वही मागवली, आणि वहीत ताईच्या वेड्यावाकड्या अक्षरात आठाचा आकडा सापडला. मग काय! घरात वकील नव्हता, साक्षीदार नव्हते, तरी खटला पाच मिनिटांत निकाली निघाला. दोन किलो जास्त! पुढे आईनेही अखेरच्या क्षणी मुलांना जवळ बोलावलं, आणि सगळे कान देऊन उभे असताना ती म्हणाली, "हिला तराजूला हात लावू देऊ नका..." आणि तिने डोळे मिटले.

घड्याळजीला ताईने कॅन फुटला त्याच आठवड्यात नकार कळवला होता. भावाचा डोळा घेऊन आपण कुणाच्या संसारात कोणत्या तोंडाने जायचं?

एकोणीस वर्षं ती त्या घरात राहिली, राबली, मार खात राहिली. पण काळजात एक काटा रुतून बसला होता. आपण चुकलो हे तिला मान्यच होतं. तिला फक्त किती चुकलो ते हवं होतं. पन्नासाव्या वर्षी ती प्रौढांच्या शाळेत गेली आणि रसायनाच्या मास्तरांसमोर उभी राहिली.

"चारच्या दीडपट सहा," ती म्हणाली. "मी आठ घातले. तर डोळा किती जातो?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "डोळा या पुस्तकात नाही, बाई. पण मोजता येण्यासारखं जे असेल ते मोजू. बसा."

मोजणं हीच तर रड होती! दशांशचिन्ह तिला कागदावर बसलेल्या माशीसारखं वाटे. ते कधी इकडे बसे, कधी तिकडे, आणि उत्तर शंभरपट वाढे. शेकडेवारीने ती रडली. गुणोत्तराने दोन दिवस जेवली नाही. 'मोल' नावाचं प्रकरण आलं तेव्हा वर्गातल्या सात प्रौढांपैकी तीन घरी निघून गेले. मास्तर शेवटी कंटाळून म्हणाले, "अहो, डझन म्हणजे बारा ना? तसा हा एक भलामोठा डझन!" आणि ताईचा चेहरा एकदम उजळला. आयुष्यभर तिने साबणाच्या वड्या डझनांनीच बांधल्या होत्या. डझन म्हटल्यावर तिला कुणाचा बाप फसवू शकत नव्हता.

बशा फुटल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनीने वही तिच्या हातात ठेवली. पान न् पान जोडून चिकटवलं होतं.

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, ताई," ती म्हणाली. "कडा जुळल्या तशा लावल्यात. उत्तरं चुकली असली तर तुमची."

"तो बघेल..."

"बघू देत. अजून वाट्या आहेत घरात."

शुक्रवारी ताई डोक्यावर टेंगूळ घेऊन वर्गात बसली. त्या दिवशी मास्तरांनी काचेच्या नळीत थोडं कॉस्टिकचं पाणी घेतलं आणि त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाचा नखाएवढा तुकडा टाकला. क्षणभर काही झालं नाही. मग बुडबुडे सुटले... फेस आला... नळी इतकी तापली की मास्तरांनी ती लगबगीने स्टँडमध्ये ठेवली. तुकडा दिसेनासा झाला होता.

"वायू तयार होतो, आणि उष्णता. म्हणून कॉस्टिक या धातूच्या भांड्यात कधीही ठेवायचं नाही. लोखंड चालतं."

ताई पुढे सरकली. "नळीचं तोंड घट्ट बंद केलं असतं तर?"

"मग उरलेला धडा आपण सगळ्यांनी दवाखान्यात घेतला असता."

"आणि बंद कॅनमध्ये कॉस्टिक... आठ किलोऐवजी सहाच असतं तर?"

"सहा काय, चार असतं तरी! कॅन फुटायला थोडा वेळ जास्त लागला असता. तुमची चूक चहा निवायला लागतो तेवढ्या वेळाची आहे, बाई." आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की आपण काय बोललो, कारण ताई बाकावर डोकं टेकून, खांदे गदगदा हलवत, आवाज न करता रडत होती.

त्या दिवशी ती घरी आली ती हवेत तरंगतच! आता सांगायचं... ओरडून सांगायचं... गल्लीला सांगायचं! धाकटा पायरीवर बसला होता, पेपर उजव्या डोळ्याजवळ धरून. गालावरचा जुना व्रण उन्हात चमकत होता.

"काय दीडशहाणे," तो म्हणाला, "आज काय शिकलीस?"

ताईने तोंड उघडलं... आणि तिला दिसलं की या माणसाजवळ त्या एका आरोपाशिवाय काहीच नाही. नोकरीची वाट बंद झाली, चेहरा आरशातून गेला. आपल्यावर अन्याय झाला, एवढ्या एका खांबावर तो एकोणीस वर्षं उभा होता. तो खांब काढून घेतला तर हा कुठे उभा राहणार? आणि आपल्याच हौसेने आपला डोळा गेला हे कळल्यावर हा उरलेल्या डोळ्याने काय बघणार?

"डझन शिकले," ती म्हणाली, आणि आत जाऊन भांडी घासायला बसली. मोकळं होण्याचा क्षण तिने अशा रीतीने राखेबरोबर चोळून टाकला.

परीक्षा झाली. निकाल लागला. शंभरापैकी सदतीस! मास्तर म्हणाले, पस्तिसाला पास होतं, म्हणजे तुमचे दोन जास्तच आहेत. कागदाची घडी मुठीत धरून ताई दुपारी घरी आली, आणि अंगणात तिला लोखंडी पिंप आडवं पडलेलं दिसलं. बुडाला मुठीएवढं भोक पडलं होतं.

मागच्या खोलीत धाकटा हात पुसत उभा होता, आणि त्याच्यासमोर नवाकोरा, चकचकीत, चापाच्या झाकणाचा कॅन.

"ये, ये, शास्त्रज्ञ!" तो म्हणाला. भिंतीवर खडूने गणित मांडलं होतं, उत्तराखाली दोन रेघा. "बघ. याला हिशेब म्हणतात. एक ग्रॅम इकडचा तिकडे नाही. तेव्हा तू असंच मापून घातलं असतंस तर आज मला दोन डोळे असते."

गणित अगदी बरोबर होतं. ताईने ते पाहिलंही नाही. झाकणाच्या फटीतून बारीक फुसफुस ऐकू येत होती.

"बाहेर चल!"

"का? घाबरलीस? कॉस्टिक विरघळताना तापतंच, एवढं मलाही..."

"बाहेर चल म्हणते ना! ते फुटणार आहे!"

"माझ्या हिशेबात चूक काढतेस?" त्याने तिच्या तोंडात मारली. फाड्कन मारली. ताईचा ओठ फुटला, रक्त हनुवटीवर आलं. आणि मग एकोणीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. तिने कढईचा लाकडी दांडा उचलला आणि धाकट्याच्या बरगडीत हाणला. तो वाकला. दुसरा मांडीवर बसला. "ताई!" तो किंचाळला. तिसरा पाठीत. सदतीस वर्षं कढई ढवळलेले ते हात होते; गणितात कच्चे असतील, मारण्यात नव्हते. तिने त्याच्या मानगुटीला धरलं, पोत्यासारखं ओढलं, उंबऱ्याबाहेर लोटलं, आणि दार ओढून घेऊ लागली.

दार पुरतं लागायच्या आत कॅन फुटला.

झाकण छपराचा पत्रा फाडून आकाशात गेलं. खोलीतली प्रत्येक बाटली फुटली. भिंतीवरचं गणित वाहून गेलं. दाराच्या फटीतून उकळत्या कॉस्टिकचा एक सपकारा आला आणि ताईच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत बसला.

ती ओरडली नाही. "पाणी!" एवढंच म्हणाली. "नळाखाली धर. पुसू नकोस. पाणी!"

धाकट्याने तिला उचलून अंगणातल्या नळाशी नेलं, नळ पूर्ण सोडला आणि तिचा हात धारेखाली धरला. घराच्या पुढच्या भागातल्या साबणाच्या दुकानातून वहिनी धावत आली, पत्र्याचं भोक पाहिलं, ताईचा हात पाहिला, आणि रिक्षाला निरोप धाडून पुन्हा तिथेच येऊन उभी राहिली. धाकटा फाटलेल्या पत्र्याकडे बघत राहिला.

"त्या कॅनचा आवाज तोच होता," धाकटा हळू म्हणाला. "तेव्हाही... आधी अशीच फुसफुस झाली होती. मी चिठ्ठी लावत होतो तेव्हा. आज माझं माप बरोबर होतं, ताई."

"हो. बरोबर होतं."

"मग?"

ताईने हात धारेखाली किंचित फिरवला. हाताची कातडी पांढरी पडून सुटत होती.

"कॅन," तो म्हणाला. "कॅनमुळे होतं? तुला माहीत होतं? कधीपासून?"

"दोन महिने."

"आणि बोलली नाहीस? एवढा मार खाल्लास आणि बोलली नाहीस?"

"तुला एकच डोळा उरलाय," ताई म्हणाली. "त्यात पाणी आणायचं जिवावर आलं."

धाकट्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "आणि तो... तो पहिला कॅन? तो कुणी आणला होता?"

"कुणास ठाऊक. फार वर्षं झाली त्याला."

"मी आणला होता, ताई!" तो आक्रोशला. "मी! मिरवत आणला होता! आणि तू... तुझं लग्न... तुझं सगळं आयुष्य..." उजव्या डोळ्यातून धारा लागल्या, आणि डाव्या खोबणीतूनही, अश्रूंना डोळा लागतोच असं नाही. त्याने मान खाली घातली. "मार मला. तो दांडा घे आणि मार!"

"उजवा हात तू धरलायस," ताई म्हणाली, "आणि डाव्याने माझा नेम चुकेल."

तेव्हा वहिनीने दाराजवळ पडलेला दांडा उचलला.

"माझे दोन्ही हात धड आहेत," ती म्हणाली, आणि नवऱ्याच्या पाठीत एकच हाणला. एकोणीस वर्षांच्या मानाने तो हलकाच होता, तरी धाकटा गुडघ्यावर आला. त्याच्या तोंडातून हूं निघालं, कपाळ नळावर आपटलं.

पण ताईचा हात त्याने पाण्याच्या धारेतून तसूभरही हलू दिला नाही.