रबरी कानांची खोली

तोंडावर मॅडम आणि पाठ वळली की चाळणी. कारखान्यात सगळ्यांनी तिला हेच नाव ठेवलं होतं आणि तिला ते चांगलं ठाऊक होतं. रागवायचं सोडून ती मनातल्या मनात सुखावायची. क्वालिटी मॅनेजरला याहून मोठी पदवी ती कुठली मिळणार?

तशा कागदावरच्या पदव्याही होत्याच. ध्वनिशास्त्राचं वरचं शिक्षण, तपासणीच्या पद्धतींची अवघड प्रमाणपत्रं, दोन मोठ्या कारखान्यांत घालवलेली उमेदीची वर्षं. पण नोकरी मागायला आलेल्या नवशिक्यांना ती सांगायची, "हे सगळं असलं तर बरंच. मुख्य पात्रता मात्र एकच. समोरचा 'सगळं ठीक आहे' म्हणाला, की तुमच्या पोटात गोळा आला पाहिजे." नवशिके हसायचे. त्यांना वाटायचं, बाई गंमत करताहेत.

कारखाना कानाच्या मशीनचा. कमी ऐकू येणाऱ्यांनी कानामागे अडकवायची, शेंगदाण्याएवढी मशिनं तिथं बनत. कुठला सुटा भाग कुणाकडून घ्यायचा, कामगारांना काय शिकवायचं, तक्रार आली तर तिचं मूळ कुठं शोधायचं, आणि सगळे 'हो' म्हणत असताना एकटीनं 'नाही' म्हणून वाईटपणा घ्यायचा, हे सगळं चाळणीच्या अंगावर. तिची सही झाल्याशिवाय एक खोकं दाराबाहेर पडत नसे. उत्पादनाच्या साहेबांना याचा भारी जाच. त्यांचं नाव ढकलगाडी, कारण दिवसभर तोंडात एकच पालुपद, "ढकला पुढे!"

आणि तिथं एक जुनी रीत होती. सगळ्या चाचण्या झाल्या, की प्रत्येक लॉटमधली काही मशिनं गादीखोलीत न्यायची. या खोलीच्या चारी भिंतींना, छताला, अगदी दारालासुद्धा जाड गाद्या ठोकलेल्या. आत पाऊल टाकलं की बाहेरचं जग कुणी कापून टाकल्यासारखं बंद व्हायचं आणि स्वतःचा घोट गिळल्याचाही आवाज यायचा. समोर एका फळीवर रबरी कान ओळीनं बसवलेले, पाळीसकट, हुबेहूब माणसाचे. त्यांना मशिनं अडकवायची आणि क्वालिटी मॅनेजरनं समोर बसून स्वतःच्या तोंडानं ठरलेली वाक्यं म्हणायची. "पाणी उकळलं. दार लोटून घ्या. पायरी जपून उतरा." प्रत्येक कानाखाली एक काटा. तो नीट हलतो का, ते बघायचं. रेकॉर्ड केलेला आवाज चालणार नाही, जिवंतच हवा, हा कारखान्याच्या मूळ मालकांचा हट्ट. आणि शेवटी "संपलं" असं म्हणायचं, मगच उठायचं.

आधीच्या मॅनेजरबाईंनी काम सोपवताना तिला बजावलं होतं. "बाकी काही विसरलात तरी निभावेल, हे विसरू नका. ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे, बोलणं संपलं म्हणून."

"रबराला?" चाळणीनं विचारलं होतं.

त्यावर बाईंनी कपाटाच्या किल्ल्या तिच्या हातात ठेवल्या आणि विषय बदलला.

चाळणी इमानेइतबारे "संपलं" म्हणत आली. फक्त त्या एका लॉटच्या वेळी ढकलगाडीनं दार ढकलून डोकं आत घातलं. "अहो मॅडम, खाली गाडी कधीची उभी आहे. ड्रायव्हर माझ्या नावानं बोटं मोडतोय. द्या की सही!" काटे छान हलले होते. मशिनं उत्तम होती. ती तशीच उठली आणि सही करून मोकळी झाली. इतकंच नव्हे, त्याच लॉटमधलं एक मशीन तिनं बाबांसाठी घेतलं.

बाबा गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटे राहत. आई गेल्यापासून जगात तिचं म्हणावं असं हे एकच माणूस उरलं होतं, आणि त्या माणसाला भेटायला तिला वेळ मिळत नव्हता. फोनवर बोलावं तर त्यांना काही ऐकू येत नसे. सुट्टीच्या दिवशी गेली, की ठरलेली बोलणी खायची. "तुला काय बाई, रबराच्या कानांशी बोलायला वेळ आहे, बापाच्या कानांनी काय पाप केलंय?" पण मशीन लावलं आणि म्हातारा निवळला. नाही आलीस तरी चालेल म्हणाला. चाळणीला हायसं वाटलं. ज्या बाईला 'ठीक आहे' ऐकून गोळा यायचा, तिनं हे 'ठीक आहे' बिनतपासणीचं घेतलं.

मग एका सकाळी तक्रारींचे फोन घेणारी ताई तिच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, एका आजोबांचा फोन होता. तक्रार नाही म्हणाले. मशीन झकास आहे, फक्त त्या बाईंना सांगा, दुपारी माझा डोळा लागतो, तेव्हा जरा गप्प बसत जा."

"कुठल्या बाईंना?"

"मीही तेच विचारलं. तर माझ्यावरच खेकसले. मशीनमधल्या, म्हणे!"

चाळणीला नवल वाटलं नाही. मशीन कधी कधी आसपासचा रेडिओ पकडतं. पण पाठोपाठ एका आजींचा फोन आला. बाई कालपासून बोलत नाहीत, माझं काही चुकलं का, असं त्या रडवेल्या होऊन विचारत होत्या. मग आणखी एक, मग आणखी. सगळी मशिनं त्याच लॉटची.

कुठंतरी पाणी मुरत होतं. तिचा पहिला संशय गेला ढकलगाडीवर.

"खरं सांगा. आतला भाग स्वस्तातला घेतलात ना?"

"आईशप्पथ नाही! वाटलं तर उघडून बघा."

तिनं राखून ठेवलेली मशिनं उघडली, भिंगाखाली धरली, पुन्हा जोडली. भाग अस्सल होते. मग तिनं नियमाप्रमाणे सगळा लॉट परत मागवला. जुनं द्या, नवं कोरं घ्या, फुकट. फुकट म्हटल्यावर माणसं एकमेकांच्या पायावर पाय देत येतात. इथं एकही मशीन परत आलं नाही. फोन केला तर लोक म्हणत, आमचं चांगलं चाललंय, आणि खटकन ठेवून देत.

हे काही तिच्या पचनी पडेना. बनवणारे दोष झाकतात, यात नवल नाही, ती रोजच बघत होती. पण विकत घेणाऱ्यानं का झाकावा?

शेवटी ती स्वतःच निघाली. कुणाला सांगितलं नाही, ताईलासुद्धा नाही. पहिलं घर एका म्हाताऱ्या शिंप्याचं होतं. अरुंद जिना, वर एकच खोली, खिडकीशी शिलाईचं यंत्र आणि त्यावर अर्धवट शिवलेला कोट. तिनं "येऊ का?" म्हटलं आणि शिंप्याचा चेहरा एकदम फुलला.

"अगं बाई, आज साक्षात?"

मग त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत निरखलं. कापड बोटांत घोळून बघावं, तसं.

"नाही. तुम्ही ती नव्हे. आवाज तोच, पण तुम्ही घाईत बोलता."

चाळणीनं जमेल तितकं शांतपणे विचारलं, "ती काय बोलते हो?"

"काय बोलणार! घरातलंच. आधी नुसतं पाणी उकळलं, पायरी जपून, एवढंच. मग हळूहळू विचारायला लागली. घरी कोण येतं, कोण यायचं बंद झालं. कुणाची वाट बघता. इतक्या मायेनं कुणी विचारलं नव्हतं बघा मला."

"ते मशीन बदलून देते मी. नवीन आणलंय."

शिंप्यानं झटकन तळहात कानावर दाबला.

"हो, कालच म्हणाली ती. उद्या बाई येतील, मशीन मागतील, देऊ नका."

चाळणीनं इथं यायचं ठरवलं होतं ते आज सकाळी. चहा पिता पिता.

ती कारखान्यात परतली ती थेट गादीखोलीत. त्या लॉटची उरलेली मशिनं तिनं रबरी कानांना अडकवली, खुर्ची ओढली आणि स्वतःचीच लाज वाटत असताना स्वच्छ आवाजात म्हणाली, "संपलं."

काटे हलले आणि खाली आले. तिनं सुस्कारा सोडला. चला, झालं एकदाचं. खुळेपणा तर खुळेपणा.

तिचं तोंड मिटलेलं होतं. समोरचे सगळे काटे पुन्हा वर गेले. सगळे एकदम, एखाददुसरा शब्द म्हणायला लागतो तेवढा वेळ. आणि खाली आले.

पिशवी तिथंच टाकून ती बाबांकडे धावली.

दार नुसतं लोटलेलं होतं. बाबा खुर्चीत बसले होते. दाढी गुळगुळीत, सदरा इस्त्रीचा, जमिनीवर कचऱ्याचा कण नाही. घर इतकं नीटनेटकं तिनं आई असतानाच पाहिलं होतं. आत स्वयंपाकघरात नळ चालू होता.

"झालं का गं?" बाबांनी मान न वळवता विचारलं. मग त्यांची नजर दारातल्या तिच्यावर पडली. त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि पुन्हा तिच्याकडे.

"बाबा, आत कोण आहे?"

"कोण म्हणजे? भांडी घासतेयस ना तू."

"ही मी इथं आहे, बाबा. आत्ता आले." तिचा आवाज चिरकला. "ते मशीन काढा आधी. त्यात दोष आहे."

बाबांनी मान किंचित तिरकी केली. ऐकणारा माणूस करतो तशी.

"ती म्हणालीच होती, असं सांगशील म्हणून."

"अहो, मी तुमची मुलगी आहे!"

पुन्हा तिरकी मान. "हेही."

बाबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. होता तो संशय. तो कसा दिसतो हे चाळणीला कुणी सांगायची गरज नव्हती. रोज सकाळी आरशात ती तोच बघून कामाला निघत असे.

"मग मीही तपासून घेतो," बाबा म्हणाले. "सांग, काल माझं काय दुखत होतं?"

तिनं त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग कमरेकडे.

"बरं, ते जाऊ दे. मी हल्ली झोपतो कुठल्या खोलीत?"

तिला रडू फुटलं. "बाबा, मला कसं माहीत असेल? मी आले तरी कुठं होते?"

"तेच म्हणतो मी. माझ्या लेकीला माहीत आहे."

कानामागून आली नि तिखट झाली म्हणतात, ते हे असं. चाळणीनं पुढं होऊन बाबांच्या कानामागचं मशीन काढून घेतलं. त्यांनी हात धरला नाही. नुसते बघत राहिले.

तिनं ते स्वतःच्या कानाला लावलं. डोळे मिटले आणि आयुष्यभर केलं तेच केलं. तपासलं.

घड्याळाची टिकटिक आली. सदऱ्याच्या कापडाची सळसळ आली. बाबांचा श्वास, नळाची धार, खाली रस्त्यावर कुणाच्यातरी सायकलची घंटा. खरखर नाही, गुणगुण नाही. रेडिओ नाही. कुणी बाई नाही.

"बाबा, यात कुणीच नाही!" ती ओरडली, हसली, पुन्हा ओरडली. "ऐकलंत का? कुणीच नाही यात!"

त्यांना ऐकू गेलं नाही. मशीनशिवाय कसं जाणार? एखाद्या अनोळखी माणसाकडे बघावं तसे ते तिच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत होते.

मशीन निर्दोष होतं. आणि निर्दोष मशीन पदरचं काही घालत नाही. जे असतं, तेवढंच मोठं करून ऐकवतं.

आतला नळ बंद झाला.

ओले हात फडक्याला पुसल्याचा आवाज आला. एक भांडं फळीवर ठेवलं गेलं, बेतानं, म्हाताऱ्या माणसाला दचकवायचं नाही अशा बेतानं.

मग स्वयंपाकघरातून तिचाच आवाज आला. त्याला घाई नव्हती.

"बाबा, कोण आलंय हो?"

मशीन तिच्या कानाला होतं. बाबांचे दोन्ही कान रिकामे. त्यांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली आणि तोंडभर हसले.

"कुणी नाही गं," ते म्हणाले. "कारखान्यातून एक बाई आल्यात. मशीन न्यायला."