पिचवरचं पाणी

“काका, अजून थोडं! स्टंपांपाशी कोरडं राहिलंय!” कॅप्टन ओरडली.

टँकरवाले काका हसले आणि त्यांनी पाइप वळवला. नव्या विमानतळाच्या कामाची धूळ दाबायला हा टँकर वस्तीत पाणी मारत फिरायचा. पण सुट्टी लागल्यापासून कॅप्टनच्या लाडीगोडीपुढे काका विरघळले होते आणि निम्मा टँकर मैदानातच रिकामा होत होता. पिच कसं झकास झालं होतं!

तेवढ्यात चष्मिश तोंड पाडून आला. “मी नाही खेळत. छकुलीला मावशीकडे पाठवणार आहेत, अख्खी सुट्टी! खोकून खोकून जीव घाबरा होतो तिचा. डॉक्टर म्हणाले, या धुळीत ठेवू नका.”

छकुली म्हणजे चष्मिशची धाकटी बहीण आणि संघाची एकमेव प्रेक्षक. घराच्या खिडकीतून मैदान दिसायचं, तिथून ती प्रत्येक चेंडूला “आऊट!” ओरडायची.

“कुठाय धूळ?” गोलूने विचारलं. “इथे तर चिखल आहे!”

“आमच्या घरामागच्या गल्लीत येऊन बघ. टँकर हल्ली फिरकतच नाही.”

हे काहीतरी विचित्रच होतं! तिघं तडक विमानतळाच्या कामावरच्या साहेबांच्या केबिनमध्ये थडकली. साहेबांनी मान वर न करता समोरच्या पडद्यावर बोट ठेवलं. “हा आकडा बघा, हवा एकदम स्वच्छ! म्हणून तर मागच्या गल्लीतल्या फेऱ्या बंद केल्या. धूळ मोजणारं यंत्र खोटं बोलत नाही, बाळांनो. पळा आता!”

“पण यंत्र आहे कुठे?” चष्मिशने विचारलं.

“मैदानात, कोपऱ्यातल्या खांबावर.”

कॅप्टनने आपल्या चिखलाने माखलेल्या पायांकडे पाहिलं. त्याच खांबाखाली ती सगळी रोज चपला काढून ठेवत.

बाहेर येताच गोलू पुटपुटला, “म्हणजे आपल्या पाण्यामुळेच यंत्राला धूळ...”

“गप रे!” कॅप्टन खेकसली. मग थांबून म्हणाली, “आपण नाही, मी. काकांच्या मागे मीच लागले होते.”

चष्मिश नुसता चष्मा पुसत राहिला. तो भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

“साहेबांना जाऊन सांगायचं?” गोलूने विचारलं.

“मान तरी वर केली का त्यांनी? त्यांनाच इथे आणायचं. त्यांच्या केबिनच्या भिंतीवर बॅट टांगलेली बघितलीस ना? पंच म्हणून बोलावू.”

दुसऱ्या दिवशी पांढऱ्याशुभ्र शर्टातले साहेब पंच म्हणून ऐटीत उभे राहिले. आज काकांना पिचवर थेंबही टाकू दिला नव्हता. शेजारच्या रस्त्याने मातीचे ट्रक धडधडत गेले आणि धुळीचा असा लोट उठला की बॉलरच दिसेना! खांबावरच्या पेटीचा लाल दिवा लुकलुकू लागला.

“यंत्र बिघडलं!” साहेब खोकत ओरडले.

“नाही साहेब, आत्ता कुठे ते खरं बोलतंय,” कॅप्टन पुढे झाली. “पिचसाठी रोज मी इथे पाणी मारून घ्यायचे. काकांना रागावू नका. पण मागच्या गल्लीच्या धुळीने छकुलीला... माझ्यामुळे तिला घर सोडावं लागतंय.”

साहेबांनी आपल्या तपकिरी झालेल्या शर्टाकडे पाहिलं. “आणि मी खुर्चीतून उठलोच नाही,” ते हळूच म्हणाले आणि थेट मागच्या गल्लीत निघाले.

संध्याकाळपर्यंत यंत्र चष्मिशच्या घराशेजारी गेलं. ट्रकांवर ताडपत्र्या आल्या आणि टँकर गल्लीबोळांतून फिरू लागला. छकुलीचा खोकला हळूहळू उतरला, बांधलेली बॅग पुन्हा उघडली.

“शाबास पोरांनो!” चष्मिशची आई म्हणाली. “तुमच्यामुळे ती घरी राहिली.”

“काकू, पण आमच्यामुळेच तर...” कॅप्टन पुटपुटली.

“माहितेय मला. ते तू स्वतः सांगितलंस, म्हणून शाबास.”

तरी कॅप्टनला मान वर करवेना.

पुढच्या सामन्यात पिच खडखडीत कोरडं होतं. चेंडू भलतीकडेच उसळला, कॅप्टनच्या बॅटपासून चांगला हातभर लांबून गेला. पण खिडकीतून खणखणीत आवाज आला, “आऊट!”

एरवी कॅप्टनने तासभर भांडण केलं असतं. आज तिने खिडकीकडे पाहिलं, बॅट काखेत मारली आणि निमूट बाहेर जाऊन बसली.