सायलीतल्या रंगकामाचा आकडा

"माझ्या नवऱ्याला चोर ठरवलंय," प्रमिला सामंत म्हणाल्या, "आणि तो गप्प बसलाय."

समोर नलिनी दाबके बसली होती. ती आधी विमा कंपनीत दाव्यांची छाननी करायची, आता सिल्वासात स्वतंत्रपणे खाजगी तपास करते. शेजारी तिचा नवरा अभिजीत. प्रमिलाबाई त्याच्याच शाळेत गणित शिकवायच्या, त्यामुळे ही भेट आपण घडवून आणली याचा त्याला उगाचच अभिमान वाटत होता.

हकिगत अशी होती. रमाकांत सामंत सायलीतल्या एका धाग्याच्या कारखान्यात खरेदी अधिकारी. नव्या इमारतीच्या आतल्या रंगकामासाठी, कँटीनच्या मोठ्या हॉलसकट, त्यांनी दोन ठेकेदारांकडून बंद पाकिटात भाव मागवले आणि पाकिटं आपल्या ताब्यात ठेवली. शेठनी ती फोडली. सुकदेव महाजनचा आकडा अठरा लाख चाळीस हजार, तुषार परबचा अठरा लाख पस्तीस हजार. आपला भाव कुणीतरी फोडला म्हणून सुकदेवने तिथेच आरडाओरड केली. त्यात तुषार कोकणातला आणि रमाकांतही कोकणातले. शेठनी सगळ्या स्टाफसमोर रमाकांतांना घरचा रस्ता दाखवला. त्यांची निवृत्ती अगदी तोंडावर आली होती.

"हा माणूस ठेकेदारांची दिवाळीची मिठाईसुद्धा दारातून परत पाठवतो," प्रमिलाबाई म्हणाल्या. "त्याने असं मान खाली घालून घरी बसायचं?"

नलिनीने काम घेतलं.

रमाकांत उंच, सडपातळ, कडक इस्त्रीचे गृहस्थ होते. ते मोजकंच बोलले. त्यांनी सुकदेवला पहिल्यांदा हॉल दाखवला तेव्हा तो वरच्या स्लॅबपर्यंत उघडा होता. मग शेठनी खाली फॉल्स सीलिंग करून घेतलं, म्हणून त्यांनी सुकदेवला मुद्दाम पुन्हा बोलावून हॉल दाखवला. दुसरा ठेकेदार म्हणून तुषारचं नाव त्यांना नंतर कळलं. तो पाहायला आला तेव्हा सीलिंग पुरं झालं होतं. सीलबंद पाकिटांना आपण हात लावला नाही, एवढं सांगून ते थांबले. बचाव करणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं. असल्या माणसांचा राग येतो आणि त्यांच्याविषयी आदरही वाटतो.

"वाफेवर पाकीट उघडता येतं," बाहेर आल्यावर अभिजीत हळूच म्हणाला.

"येतं. तुझी पत्रिका मी तशीच आधी वाचली होती," नलिनी म्हणाली आणि गाडी सायलीकडे वळवली.

हॉल लांबरुंद होता. एक इलेक्ट्रिशियन लाकडी घोड्यावर उभा राहून सीलिंगमध्ये दिवे बसवत होता. अभिजीतला सीलिंगची नक्षी आवडली, आपल्या शाळेतही असं काही करायला हवं असं तो म्हणाला. नलिनी मात्र त्या घोड्याकडेच पाहत होती.

सुकदेव नरोलीला चाळीतल्या खोलीत राहायचा. मूळचा खानदेशातला, आवाज दणदणीत, आणि आपल्या कामाचा त्याला गर्व होता. तो गर्व शोभतही होता. भाव कसा काढतो ते त्याने हातवारे करून दाखवलं: भिंत बोटाने वाजवायची, पोकळ कुठे बोलते ते ऐकायचं, तळहात टेकवून ओल पाहायची, आणि मग पुट्टी, प्रायमर, रंग, मजुरी, शेवटी आपला नफा. कोनाड्यात सप्तशृंगी देवीची तसबीर होती. सगळा हिशोब झाला की तो तिच्यापुढे बसून एकेक बाब सांगायचा, नफ्यासकट.

"नफासुद्धा?" अभिजीतने विचारलं.

"तोच तर सांगावा लागतो, सर. आईपुढे सांगताना लाज वाटली तर समजायचं, जास्त लावेल आहे. अन् एकदा तिला सांगेल आकडा मी बदलत नाही."

नलिनीला तो माणूस एकदम आवडून गेला. सीलिंग झाल्यावर काय केलं, असं तिने विचारलं. आतला हिशोब बदलला, बेरीज तीच ठेवली, म्हणून आईपुढे पुन्हा बसलो नाही, असं तो म्हणाला. उत्तरेच्या भिंतीला ओल निघाली होती, वाचलेले पैसे तिच्यावर टाकले.

"पहिला हिशोब कुणाला दाखवला होता?"

"कोणालाच नाही. उंच भिंतींसाठी चढायची परांची वापीहून आणणार होतो, तेसुद्धा कोणाला बोललो नाही. शेजारच्या वाल्मिकचा परांचीचाच धंदा आहे, त्याला वाईट वाटलं असतं."

शेजारच्या खोलीतल्या टीव्हीवरची साबणाची जाहिरात पत्र्याच्या आडभिंतीतून शब्दन् शब्द ऐकू येत होती.

वाल्मिक दारातच लोखंडी पाइप रचत होता. भाव फुटल्याचं ऐकून वाईट वाटलं, असं तो म्हणाला, पण त्या कामाशी आपला संबंध नाही. "सुकदेवदादाला माझा माल चालतो कुठे? वापीवाल्याला पकडेल होतं ना त्याने."

नलिनीने मान डोलावली आणि त्याला चांगला धंदा होवो म्हणाली.

तुषार परब टोकरखाड्याच्या आपल्या दुकानात भेटला. गोड बोलणारा, अंगाला अत्तर. आपला भाव आपल्या अनुभवाचा आहे, रमाकांतांना आपण फक्त गाववाले म्हणून ओळखतो, असं त्याने सांगितलं. "आता एवढा उंच हॉल म्हटल्यावर परांचीचा खर्च धरावाच लागतो. याहून स्वस्त कोण देणार?"

दुसऱ्या दिवशी नलिनीने सगळ्यांना कँटीनच्या हॉलमध्ये बोलावलं. शेठ आले, तुषार आला, रमाकांत प्रमिलाबाईंबरोबर आले, वाल्मिकला सुकदेव घेऊन आला. रमाकांतांनी इथे यावं म्हणून प्रमिलाबाईंना रात्री बरंच भांडावं लागलं होतं.

"तुषार," नलिनी म्हणाली, "या हॉलमध्ये परांची कुठे उभी कराल?"

तुषारने वर पाहिलं. साध्या घोड्यावर चढून हात पोचेल एवढंच सीलिंग उंच होतं.

"तुम्ही आलात तेव्हा हे सीलिंग झालं होतं. तरी तुम्ही परांची धरलीत, कारण तुम्ही मान वर करून हॉल पाहिलाच नाही. आकडा आधीच हाती होता. तो हिशोब हॉल उघडा असताना केलेला होता, म्हणजे सुकदेवचा पहिला."

"पाकिटातूनच घेतला असेल," शेठ म्हणाले.

"शेठ, पाकिटात दुसरा हिशोब होता. त्यात परांची नाही, ओलीचं काम आहे. पाकीट फोडणाऱ्याने तोच दिला असता. शिवाय सीलिंग झाल्याचं सुकदेवला बोलावून दाखवणारे रमाकांतच. त्यांनी चोरून भाव दिला असता तर ही चूक राहूच दिली नसती."

अभिजीतच्या डोक्यात आत्ता कुठे प्रकाश पडला. "पण बेरीज जुळली कशी?"

"देवीला सांगितलेला आकडा बदलायचा नाही म्हणून. बेरीज तीच राहिली आणि आत काय बदललं ते चोराला कळलंच नाही. पहिला हिशोब फक्त देवीने ऐकला होता, आणि पत्र्यापलीकडच्या माणसाने. वापीच्या परांचीचं सुकदेव कुणालाही बोलला नव्हता. वाल्मिक, तुला कसं कळलं?"

वाल्मिकने मग सगळं सांगून टाकलं. शेजारी असून सुकदेव आपला माल महाग म्हणतो, हे पत्र्याआडून ऐकून तो चिडला होता. त्याने आकडा तुषारला सांगितला, आणि काम मिळालं तर परांची तुझीच लावीन, असं तुषारने त्याला कबूल केलं होतं.

सुकदेवने वाल्मिककडे पाठ फिरवली. तो रमाकांतांपुढे जाऊन उभा राहिला. आपण नको ते बोललो, असं त्याने सरळ सांगितलं.

शेठ रमाकांतांना म्हणाले, "उद्यापासून या."

"ज्यांच्यासमोर मला चोर म्हणालात," रमाकांत म्हणाले, "त्यांच्यासमोर तसं सांगा. मग येईन."

शेठ मनाने मोठे निघाले, हे कबूल केलं पाहिजे. चहाच्या सुट्टीत त्यांनी सगळा कारखाना त्या रंग न लागलेल्या हॉलमध्ये उभा केला आणि चूक माझी होती, असं मोठ्याने सांगितलं. इतके दिवस कोरड्या राहिलेल्या प्रमिलाबाई तेव्हा रडल्या.

तुषारचं पाकीट बाद झालं. तरी सुकदेवच्या भावाच्या कागदावर सही करताना शेठचा हात अडला. धंदेवाईक माणूस. पाच हजार तरी सोड, असं ते सुकदेवला म्हणाले. सुकदेवने हात जोडून नकार दिला.

"भाव बरोबर आहे," रमाकांत म्हणाले. "ओलीची भिंत मी पाहिली आहे."

शेठनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हणता ना, रमाकांतभाई? मग मी वाचत नाही."

त्यांनी कागद न वाचताच सही केली. रमाकांतांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि उत्तरेच्या भिंतीचं काम आधी घ्यायचं, असं सुकदेवला सांगितलं.