हुडावरचं साल

वावटळ आली, गाडीचं हूड फाटलं आणि उडालेलं कापड थेट वैजयंतीच्या डोक्यावर येऊन पडलं. शुक्रवार पेठेत गाड्यांची हुडं शिवणाऱ्या अप्पांची ही लेक. पण हूड असं अंगावर चालून यायची तिचीही पहिलीच वेळ.

"लागलं न्हाय ना?" जुनी विलायती मोटार रस्त्यात तशीच सोडून मंद्रूपचा युवराज नावाचा तरुण धावत आला.

तिनं कापड बाजूला करून त्याच्याकडं पाहिलं... जरा जास्तच वेळ पाहिलं. मग घाईघाईनं नजर गाडीकडं वळवली.

"हे हूड या गाडीचं नाहीच की! याला बांधायचे पट्टे आहेत, म्हणजे पन्नास सालचं. गाडीला तर हूड अडकवायची गोल बटणं. ती एकोणपन्नासपर्यंतच होती."

"गाडी अठ्ठेचाळीसची असंल तर?"

"तेव्हा हुडाची मागची खिडकी वीतभर असायची. पुढच्या साली ती दोन वीत झाली. खिडकीची चौकट हुडाखालच्या लाकडी कमानीला ठोकायचे, तिथल्या खिळ्यांच्या खुणा बघा. दोन वीत... एकोणपन्नासच!"

"लई शिकलाय की तुमी!"

"शिकले कुठली, हुडं उसवलीत!"

तो हसला, आणि वैजयंतीचं काळीज गेलं ना वाहून!

मग नवं हूड शिवायला घेतलं. दर दोन-चार दिवसांनी युवराज हजर. कधी शिवणीची शंका, कधी बटणाची. तेवढ्यात अक्कलकोटचं स्थळ सांगून आलं. शुक्रवारी अप्पांना तिकडं उत्तर कळवायचं होतं. तिनं ते मुद्दाम युवराजच्या कानावर घातलं, तर हा म्हणतो, "चांगलं हाय की." म्हणाला आणि गेला! दगड मेला! रात्रभर तिनं उशी भिजवली.

गुरुवारी हूड चढलं. तेवढ्यात युवराज मोबाइल पुढं करत आला.

"आपलं साल चुकलं वाटतं. हितं बघा, मागं दोन खिडक्या. परत उसवावं लागंल."

तिनं फोटो मोठा केला.

"या कमानी लोखंडी आहेत. एक्कावन्नच्या."

"असतील."

"तुमच्या लाकडी. महिनाभर तुम्हीच त्यांना तेल पाजलंत. तरी फरक कळला नाही?"

युवराजचे कान लाल झाले.

"कळला की... पण हूड झालं म्हंजे मी हितं कशाला यायचं, सांगा?"

"परवा तर 'चांगलं हाय' म्हणालात!"

"म्हणालो. घरी गेलो, तर घास उतरंना." त्यानं मान वर केली. "मला तुमी लई आवडता. अक्कलकोटला होकार देऊ नका... माझ्यासाठी."

तिचे डोळे भरून आले. हसू मात्र काही केल्या आवरेना.

"अप्पा!" तिनं आत हाक मारली. "अक्कलकोटला नाही म्हणून कळवा."

आतलं मशीन थांबलं.

"सोमवारीच कळवलंय," अप्पा म्हणाले. "चार दिवसांचं हूड महिनाभर शिवत बसलीस, मला काय डोळे न्हाईत व्हय?"