पंचांनी हात केला

रुळांवरचा जुना पूल पाडायचं ठरलं, तेव्हा गल्लीत कुणी हळहळलं नाही. पूल बुटका होता. खालून नव्या रेल्वेच्या विजेच्या तारा न्यायच्या तर तो उंच करायलाच हवा होता, आणि त्याचे कठडेही हलायला लागले होते. गल्लीवाल्यांचे डोळे उघडले ते काम सुरू झाल्यावर. मोठा रस्ता पत्रे ठोकून बंद केला आणि त्यावरची सगळी वाहतूक, पिवळ्या पाटीवरच्या काळ्या बाणामागून, गल्लीत शिरली.

गल्ली कसली, दोन भिंतींमधली फट होती ती. तिच्या बरोबर मध्यावर, जिथे ती जरा कंबरेत वाकते, तिथे रफूताईचं घर. पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल, टेबलावर भिंग, आणि समोर कुणाचा तरी भोक पडलेला कोट. आतल्या शिवणीतून एकेक धागा उपसायचा आणि भोकावर असा विणायचा, की कोटाच्या मालकाला बोट ठेवून जागा दाखवता येऊ नये. या कामात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं, म्हणून तिला सगळे रफूताईच म्हणत.

तिच्याबरोबर तिचा थोरला भाऊ राहायचा. नोकरी छापखान्यात झाली, पण लोक त्याला ओळखत ते फुटबॉलचा पंच म्हणून. उभा जन्म सुट्टीच्या दिवशी मैदानावर शिट्टी फुंकण्यात गेला होता. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. भांडायला घरात एकमेकं होती, तेवढं पुरत होतं.

वाहतूक सुरू झाली आणि निवृत्त पंचाला पुन्हा मैदान मिळालं. सकाळी चहा झाला की दादा गळ्यात शिट्टी अडकवून दाराच्या पायरीवर उभा राहायचा. समोरच्या म्हातारीला रस्ता ओलांडायचा असेल, शाळेची पोरं यायची असतील, तर शिट्टी फुंकून उजवा हात सरळ वर करायचा. गाड्या थांबायच्या. चिडायच्या, भोंगे वाजवायच्या, पण थांबायच्या. त्या हातात काहीतरी होतं खरं.

"घरात बस की जरा," रफूताई म्हणायची. "पगार देतंय का कुणी तुला?"

"मैदानावर तरी कोण देत होतं?"

वाहतुकीचं काम बघणारा इंजिनीअर पहिल्या आठवड्यात स्वतः घरी आला होता. तरुण, नीटनेटका, बोलायला गोड. खुर्चीच्या कडेवर बसून त्याने चहा घेतला आणि सांगितलं, "ताई, या गल्लीतून अवजड गाडी एकही जाणार नाही. तोंडाशी आडवा लोखंडी दांडा लावतोय. त्याखालून ट्रक जाऊच शकत नाही. माझा शब्द."

दांडा लागला. लाल-पांढरा, चांगला जाडजूड. आणि थोड्याच दिवसांत एका सकाळी तो गायब झाला. काँक्रीटच्या गाड्यांना लांबचा वळसा पडत होता, माल वाटेतच घट्ट होत होता, अशी कुजबुज दुकानात झाली. दादा फोन करून करून थकला. इंजिनीअर दर वेळी म्हणायचा, "बघतो, काका. लगेच बघतो."

मग एके दिवशी काँक्रीटचा मोठा फिरता पिंप घेऊन आलेला ट्रक वळणावर अडकला आणि मागे यायला लागला. दादा पायरीवर होता. रफूताईने शिट्टी ऐकली, दोनदा. तिने भिंगावरून मान वर केली तोवर खिडकीत उजेडच नव्हता, नुसतं ट्रकचं अंग होतं.

संध्याकाळी ती पोलीस चौकीतून परत आली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी दांडा पुन्हा लागलेला होता. तिने त्याला हात लावला. लाल रंग तिच्या बोटांना लागला, ओला.

चौकशीत इंजिनीअरने सांगितलं, की दांडा पहिल्यापासून जागेवर होता. त्या दिवशी ट्रकवाल्याने तो परस्पर काढला असावा. शिवाय मयत गृहस्थांना भर रस्त्यात उभं राहून गाड्या अडवायची सवय होती, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. गल्लीतले लोक मान खाली घालून बसले. कुणाच्या मुलाला पुलावर काम मिळालं होतं, कुणाला भरपाईची आशा होती.

नंतर तो घरीही आला, सांत्वनाला. त्याच खुर्चीच्या कडेवर बसला. "वाईट झालं, ताई. पण खरं सांगू? ते ऐकायचेच नाहीत हो कुणाचं."

रफूताई रडली नाही. तिने सुई हातात घेतली, धागा ओवला आणि धाग्याच्या टोकाला गाठ मारली. रफूच्या धाग्याला गाठ मारत नाहीत. तिने मारली, आणि ती किती घट्ट बसली ते बघत राहिली.

त्यानंतर तिच्या कानांनी पहिल्यांदा ओळखलं. खिडकीशी बसून बसून गल्लीची चाल तिला पाठ झाली होती. कुठली गाडी कुठे दुसरा गियर टाकते हेसुद्धा. आता दादाची पायरीवर उभं राहायची वेळ झाली की त्या चालीत खंड पडायचा. गाडी यायची, पायरीसमोर ब्रेक लागायचा, क्षणभर थांबायची आणि जायची. मागची तसंच करायची. त्याच्या मागचीही.

लोकांना वाईट वाटतंय, म्हणून जरा थांबतात, असं तिने मनाशी ठरवलं. पण पावाची गाडी चालवणारा तर या भागात नवा होता. तिने खिडकीतून विचारलं, "का हो, थांबलात का?"

"काकांनी हात केला ना."

"कुठल्या काकांनी?"

त्याने पायरीकडे पाहिलं. मग समोर, मग परत पायरीकडे. "होते की आत्ता इथे," असं पुटपुटत त्याने गाडी काढली.

रफूताई उठून दारात गेली. पायरी रिकामी होती. ती हाताने चाचपून पाहिली. सकाळपासून सावलीत असलेला दगड, पण एका ठिकाणी तो कोमट लागला. दोन पावलं मावतील एवढ्याच जागी.

तिला भीती वाटायला हवी होती. तिला वाटलं ते वेगळंच. घरी परतायला उशीर झालेलं माणूस दारात दिसावं तसं.

मग इंजिनीअरची गाडी अडकायला लागली.

त्याचं ऑफिस रुळांच्या पलीकडे होतं, त्यालाही याच गल्लीतून जावं लागायचं. पांढरी गाडी, काचा बंद. पुढच्या गाड्या थांबून निघून जायच्या. त्याची थांबली की थांबलीच. समोर रस्ता मोकळा, अगदी टोकापर्यंत, आणि हा दोन्ही हातांनी चाक धरून बसलेला. मागे भोंग्यांचा गदारोळ. एक टेम्पोवाला उतरून काच ठोकायला लागला, तेव्हा काच थोडी खाली आली.

"पुढे घे की, बाबा! रस्ता तुझ्या बापाचा आहे का?"

"कसा घेऊ? ते सोडत नाहीयेत ना."

टेम्पोवाल्याने मोकळ्या रस्त्याकडे पाहिलं, इंजिनीअरच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो आपल्या गाडीत जाऊन बसला.

पहिल्या दिवशी तो अर्ध्या तासाने सुटला. पुढच्या खेपेला दुपार झाली. लोकांनी त्याच्या नावाने बोटं मोडली, आणि गंमत म्हणजे सगळ्या तक्रारी त्याच्याच टेबलावर जाऊन पडत होत्या. रफूताई खिडकीत बसून कोट रफू करायची. त्या दिवसांत तिचं काम फार सुबक होत होतं. मधूनच ती गुणगुणायची.

एक दिवस तो गाडी तशीच सोडून खिडकीशी आला. शर्टाची कॉलर मळलेली, डोळे तारवटलेले.

"ताई, मी आज लांबच्या वळशाने निघालो होतो. शपथेवर सांगतो. गल्लीकडे वळलोच नाही. आणि आलो ते इथेच."

"बरं."

"तुम्ही सांगा ना त्यांना."

"कोणाला?"

त्याने पायरीकडे न बघता, नुसत्या हनुवटीने खूण केली.

रफूताईने सुई कापडात टोचून ठेवली. "दांडा होता की नव्हता?"

मागे कुणीतरी भोंगा दाबून धरला होता. ओठ ओले करून तो म्हणाला, "ताई, ते सगळं आता कागदावर गेलंय. माझी नोकरी आहे. संसार आहे."

"मग थांबा," ती म्हणाली आणि तिने पुन्हा सुई उचलली.

तो मागे वळून गाडीत जाऊन बसला. कितीतरी वेळ तिला काचेमागे त्याची मान दिसत होती. मग तिचा धागा संपला, नवा उपसायला तिने मान खाली घातली. वर पाहिलं तेव्हा गाडी नव्हती. मागची वाहतूक आपोआप वाहायला लागली होती. सुटला वाटतं, ती मनात म्हणाली, आणि तिला जरा राग आला.

पूल झाला. फिती कापल्या, फोटो निघाले. पिवळ्या पाट्या उचलून नेल्या, दांडा कापून नेला, आणि गल्ली पहिल्यासारखी ओस पडली. उद्घाटनाला इंजिनीअर नव्हता, एवढं तिच्या कानावर आलं. कुणी म्हणे नोकरी सोडून गेला, कुणी म्हणे गाडीसकट पळाला.

आणि एका दुपारी त्याची बायको दारात उभी राहिली. साधी, सुती कपड्यांतली बाई. हातात मोबाइल घट्ट धरलेला.

"रफूताई तुम्हीच ना? जरा बोलायचं होतं."

रफूताईने तिला पाणी दिलं. खुर्चीवर बसवलं.

"पोलीस म्हणतात, ते दुसरीकडे संसार थाटून बसलेत. पण ते रोज फोन करतात हो मला. रोज एकच. तुमच्या गल्लीत आहेत, ट्रॅफिक लागलंय, निघतोच आता." तिने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर एक मांजर रस्त्याच्या मधोमध अंग चाटत बसलं होतं. "मागे भोंगे ऐकू येतात, ताई. शेकडो भोंगे. मी म्हटलं, एकदा येऊन बघू. इथे कुठलं आलंय ट्रॅफिक?"

"आता नसतं," रफूताई म्हणाली.

फोन वाजला.

बायकोने तो कानाला लावला, "अहो, मी इथेच आहे, त्यांच्या घरी," असं म्हणाली आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. तिने फोन पुढे केला. "तुम्हाला मागतायत."

फोन गरम होता. आधी नुसते भोंगे आले, जवळचे, लांबचे, एकात एक गुंतलेले. मग त्याचा आवाज. बसलेला, पण अजूनही अदबीचा.

"ताई, दांडा नव्हता. मीच काढायला सांगितला होता. मीच परत लावला. हे मी कुठेही सांगायला तयार आहे, पाहिजे त्याच्यासमोर."

रफूताईने फोन कानाशी आणखी दाबला.

"त्यांना मी रोज सांगतो. रोज हात जोडतो. ते चिडत नाहीत, काही नाही. म्हणतात, छोटीला विचारून सांगतो."

छोटी. त्या नावाने तिला हाक मारणारं जगात एकच माणूस होतं.

तिने समोर पाहिलं. बायको दोन्ही हात मांडीवर ठेवून तिच्या तोंडाकडे बघत होती. तिच्या बाहीला कोपरापाशी उसवलं होतं. एक टाका घातला असता तर बसलं असतं.

एक शब्द पुरला असता. तो रफूताईच्या जिभेवर आलाही.

तिने फोन तोंडाजवळ घेतला.

"दादा," ती हळूच म्हणाली, "पाय दुखत असतील तर बस जरा. घाई नाही."

तिने फोन परत दिला. तो बंद झाला होता.

"काय म्हणाले?" बायकोने विचारलं.

"येतायत म्हणाले."

बायकोने डोळे पुसले, दोनदा आभार मानले आणि ती पायरी उतरली. रफूताई खिडकीतून बघत होती. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी होती. बायको चार पावलं सरळ गेली. मग काही विचार न करता तिने ओढणी गोळा केली, पोट आत ओढलं आणि भिंतीला पाठ घासत, आडवी आडवी, सावकाश पुढे सरकत राहिली.